रामाने बिभीषणाला गप्प बसवलं नव्हतं

एखादा मोठा आणि वादग्रस्त नेता गेला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो. फक्त नाव बदललेलं असतं. ‘मरणान्तानि वैराणि ही आपली संस्कृती. गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. मृताची बदनामी हा गुन्हा आहे. निदान तेरा दिवस तरी गप्प बसा.’ यातलं एकही वाक्य मला जसंच्या तसं मान्य नाही.

सगळा भार त्या श्लोकावर आहे, म्हणून आधी तोच पाहू. वाल्मीकि रामायणातलं युद्धकांड. रावण पडला आहे आणि त्याचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण तयार नाही. असल्या क्रूर, अधर्मी माणसाला मी अग्नी देणार नाही, असं तो स्पष्ट सांगतो. ते ऐकून राम त्याच्यावर रागावत नाही. तो म्हणतो, वैर मरणापर्यंतच. आता याचा संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही. फॉरवर्ड इथे संपतो. पण त्याच प्रसंगात राम रावणाला अधर्म आणि असत्याने भरलेला म्हणतो आणि लगेच तेजस्वी, बलवान, शूरही म्हणतो. देहाचा मान राखायचा आणि कर्माचं नावही घ्यायचं, दोन्ही एकाच तोंडाने. रावण सज्जन होता असं म्हणायला कुणालाही भाग पाडलेलं नाही.

पुण्याचा दाखला म्हणून टिळक-गोखल्यांचं नाव नेहमी पुढे केलं जातं. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी, सार्वजनिक सभा, १९०७ ची सुरत काँग्रेस, असा दोघांमधला झगडा वर्षानुवर्षांचा. तरी टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पण ते शब्द टिळकांच्या मनातून आले होते, कुणाच्या धाकाने नव्हे. आणि ते काही मवाळ झाले नाहीत; पुढच्याच वर्षी त्यांनी होमरूल लीग काढली.

गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे खरं. पण त्याचा पक्ष असतो, वारस असतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या असतात. त्याच्या भाषणांनंतर ज्यांची घरं जळली, माणसं मेली, त्यांच्या बाजूने कोण बोलणार? ते मेलेलेही उत्तर द्यायला येत नाहीत.

कायद्याचं वाक्य अर्धंच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृताची बदनामी गुन्हा ठरते, ती कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल तर. सार्वजनिक वर्तनावर प्रामाणिकपणे मांडलेलं मत अपवादांत येतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की मुंबई बंद आहे ती आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. तिला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या मैत्रिणीला अटक झाली. पुढे त्यांच्यावरचा खटला बारगळला, आणि त्यासाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

एका बाबतीत मी फॉरवर्ड पाठवणाऱ्यांच्या बाजूने आहे. फटाके, अचकटविचकट मीम, रडणाऱ्या घरच्यांची टिंगल, हे नकोच. गांधीहत्येनंतर पुण्यात पेढे वाटले गेल्याच्या आठवणी लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचताना पुणेकर म्हणून आजही मान खाली जाते.

राहिले तेरा दिवस. घरच्यांनी सुतक पाळावं, त्यांना त्रास देऊ नये. पण कार्यकर्ते काही तेरा दिवस थांबत नाहीत. स्मारकाची, चौकाला नाव देण्याची मागणी चिता विझायच्या आत येते. महापालिकेने नाव दिलं की ते पुसलं जात नाही. त्याला विरोध करायचा तर त्याच आठवड्यात करावा लागतो, आणि का विरोध आहे हे सांगायचं तर त्या माणसाने काय केलं तेही सांगावं लागतं.