खीवाचे गुलाम कोणी सोडवले?

‘१८४० मध्ये रिचमंड शेक्सपियर या इंग्रज अधिकाऱ्याने निव्वळ माणुसकीपोटी, एकट्याने, खीवाचे सगळे गुलाम सोडवून घरी पोचवले,’ असा मजकूर सध्या फिरतोय. खीवा म्हणजे मध्य आशियातलं, आजच्या उझबेकिस्तानातलं, तेव्हाचं एका खानाचं राज्य. माणूस धाडसी होता, यात वाद नाही. राजवाड्यात ठेवून घेतलेल्या एका लहानग्या मुलीसाठी तो खानाशी अडून बसला आणि तिला घेऊनच निघाला. पण बाकीचं टिकत नाही.

‘सगळे’ तर मुळीच नाहीत. त्याने सोडवलेले ४१६ जण रशियन होते, त्यांत कॅस्पियन समुद्रावर पकडलेले कोळी बरेच. खीवाच्या शेतांत राबणारे बहुतेक गुलाम इराणी. तुर्कमेन टोळ्या त्यांना ईशान्य इराणातल्या खोरासानातून पळवून आणून बाजारात विकत. असे हजारो लोक मागेच राहिले. त्यांच्याबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही, याचा मला खरा राग येतो.

‘माणुसकीपोटी’? १८३९ च्या हिवाळ्यात रशियन जनरल पेरोव्स्की सुमारे पाच हजार सैनिक आणि दहा हजार उंट घेऊन ओरेनबुर्गहून खीवावर निघाला. जाहीर कारणांत बंदिवानांची सुटका होतीच. थंडीने उंट मेले, माणसं मेली, फौज अर्ध्यातून परतली. इंग्रज तेव्हा काबूलपर्यंत पोचलेले, रशिया आणखी जवळ यायला त्यांना नको होता. रशियाला पुन्हा चाल करायला निमित्तच उरू नये, म्हणून अफगाणिस्तानातल्या हेरातहून आधी जेम्स अ‍ॅबट हा इंग्रज अधिकारी आणि मग शेक्सपियर गेला.

‘एकट्याने’ही नव्हे. रशियाने खीवाचे शेकडो व्यापारी १८३६ पासून अडकवून ठेवले होते. खीवाच्या अल्ला कुली खानाला ते परत हवे होते आणि ते मिळालेही.

यावर काही जण म्हणतात, मग खरं श्रेय रशियाचं, कारण १८७३ मध्ये जनरल कौफमानने खीवा जिंकून गुलामगिरी बंद करवली. बंदीचा हुकूम निघाला हे खरं. पण रशियन फौज जवळ येताच इराणी गुलाम आधीच मालकांवर उठले होते, आणि कौफमानने बंदोबस्तासाठी त्यांच्यातल्याच दोघांना फासावर चढवलं. सुटलेल्यांचे तांडे इराणकडे निघाले. वाटेत तुर्कमेनांनी त्यांना गाठलं. कित्येक मारले गेले, काही पुन्हा पकडले गेले.