सवतींनी शिकवलेली डॉक्टरीण

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय: लेकींच्या मुलाबाळांची नावं घ्यायची की नाही. जुन्या आवृत्तीत मुलगी लग्नापाशी थांबते. सासरचं आडनाव, गाव, संपलं. पुण्याचे एक काका म्हणतात, लेकींच्या शाखा घेतल्या तर ग्रंथ आपला कसा राहील? नाशिकची आत्तेबहीण म्हणते, मग माझी वर्गणी परत करा.

मी हे सगळं अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत बसून वाचते. वंशावळीचं वेड फक्त आपल्याला आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इथे यावं. मेलेल्या पूर्वजांच्या नावानेही बाप्तिस्मा घेता येतो अशी इथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची श्रद्धा, त्यामुळे पूर्वज शोधणं हे इथे धर्मकार्यच. ‘डॉटर्स ऑफ यूटा पायोनियर्स’ (म्हणजे इथे आधी येऊन वसलेल्यांच्या लेकी) ही बायकांची संघटना १९०१ पासून आहे. सभासद व्हायचं तर तुमचा पूर्वज १० मे १८६९ च्या आधी इथे पोचलेला हवा. त्या दिवशी पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेचे रूळ जोडले गेले. त्यानंतरचे सगळे आगगाडीत बसून आलेले, ते कसले पायोनियर! (यूट आणि शोशोनी हे इथले मूळ रहिवासी कधीपासून होते, हे या हिशोबात धरत नाहीत. राज्याचं नाव मात्र यूटांवरून.) पण पूर्वज आईकडून मोजा नाहीतर वडिलांकडून, दोन्ही चालतं. हे मी आत्तेबहिणीला कळवलं आणि तिने लगेच ग्रुपवर टाकलं, “बघा, अमेरिकेत कसं आहे!”

तेव्हापासून मला एलिस शिप या इथल्या जुन्या डॉक्टरणीबद्दल लिहायचं होतं.

एलिस रेनॉल्ड्स १८४७ साली आयोवात जन्मली आणि पाच वर्षांची असताना आईवडिलांबरोबर गाड्यांच्या तांड्यातून यूटाला आली. म्हणजे इथल्या मापाने अस्सल खानदानी. चौदाव्या वर्षी आई गेली. १८६६ साली मिलफर्ड शिपशी लग्न झालं. त्याने पुढे आणखी बायका केल्या, तेव्हा इथे ती धर्माची रीत होती. १८७३ मध्ये मॉर्मन चर्चचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनीच बायकांनी पूर्वेकडे जाऊन वैद्यकी शिकावी असं आवाहन केलं. घरातून आधी मॅगी ही सवत फिलाडेल्फियाला गेली, पण घरच्या आठवणीने लवकरच परतली. मग १८७५ मध्ये एलिस गेली, लहान मुलं सवतींच्या हवाली करून. १८७७ मध्ये शिकता शिकता तिकडेच तिला मुलगी झाली, तरी १८७८ मध्ये ती डॉक्टर झाली. परतल्यावर पुढच्याच वर्षी तिने सुईणींसाठी शाळा काढली. तिथून सुमारे ५०० बायका शिकून बाहेर पडल्या.

सवत म्हटलं की आपल्याला मत्सर आठवतो, हौद आणि ढकलाढकली आठवते. इथे सवतींनी तिची पोरं सांभाळली आणि तिच्या शिक्षणासाठी पैसे जमवले. बहुपत्नीत्वाची तरफदारी मी करत नाहीये. एलिसच्या मनाला त्याने किती डागण्या दिल्या ते तिच्याच डायरीत आहे. पण तिची पदवी वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीला लावायची? बापाच्या, आईच्या, की मॅगीच्या, जिच्याशी रक्ताचं नातंच नाही?

फिलाडेल्फियाच्या ज्या वूमन्स मेडिकल कॉलेजात एलिस शिकली तिथूनच आठ वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या शिक्षणाचं श्रेय गोपाळरावांना किती द्यायचं यावर आपण अजून भांडतो. पण अमेरिकेत त्यांना घरात ठेवून घेतलं, लेकीसारखं जपलं ते कार्पेंटरबाईंनी. पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत आनंदीबाई गेल्या आणि त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती आहे, वर नावाचा दगड आहे. जोशींची सून कार्पेंटरांच्या कुळात नोंदवली गेली, तीही दगडावर.

म्हणून माझं मत आत्तेबहिणीच्या बाजूने आहे, पण तेवढ्याने मला समाधान नाही. लेकींची मुलं घ्याच. मात्र आमच्या आईने दोन मुलींवर बी.एड. केलं तेव्हा आम्हाला जेवू-खाऊ घालून शाळेत सोडणारी मधली काकू होती. कुलवृत्तांतात तिच्या नावापुढे दोनच शब्द आहेत: “संतती नाही.”

तिच्या नोंदीत दोन ओळी घाला, असं मी संपादक काकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “भावना पोचल्या. पण तो रकाना संततीचा आहे.”