डिकीत बॅटरी म्हणजे कंपनीचा नखरा? त्या फॉरवर्डला मुद्द्यानिशी उत्तर

सध्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: डिकीत बॅटरी असलेली गाडी घेऊ नका, तो जर्मन कंपन्यांचा नखरा आहे, हे फक्त रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांचं (म्हणजे इंजिन मागची चाकं फिरवतं अशा गाड्यांचं), ५०:५० बॅलन्स (पुढच्या-मागच्या चाकांवर सारखं वजन) वगैरे निव्वळ मार्केटिंग, बंद डिकीत गॅस साचून स्फोट होतो, बॅटरी उतरली की डिकीच उघडत नाही त्यामुळे गाडी टो करावी लागते, आणि नवी बॅटरी शोरूमशिवाय बसत नाही. आणि एवढं सगळं सांगून शेवटी सल्ला काय, तर तुमच्या हॅचबॅकची बॅटरी मागे टाकून घ्या, पिकअप आणि मायलेज वाढतं! नखरा पण आणि फायदा पण, काय ते एकदा ठरवा राव.

आधी ते "जर्मन नखरा" बघू. १९५९ ची मूळ मिनी ही छोटी गाडी इंग्लंडची. लांबी जेमतेम तीन मीटर, इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली ऑइल सम्पमध्ये (तेल साठतं त्या भांड्यात) कोंबलेला, बॉनेटखाली हात घालायला जागा नाही म्हणून बॅटरी गेली डिकीत. म्हणजे मूळ कारण जागा, आणि गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, तेव्हा "हे फक्त रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांचं" हेही बाद. पुढे मिनी बीएमडब्ल्यूकडे गेल्यावरचं उदाहरण तर अजून भारी आहे. २००१ नंतर आलेल्या पहिल्या पिढीत साध्या मिनी कूपरची बॅटरी बॉनेटखाली, आणि सुपरचार्जरवाल्या (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप असलेल्या) कूपर एसची डिकीत. गाडी तीच, सांगाडा तोच, फक्त सुपरचार्जरने पुढची जागा खाल्ली. यात कुठला आलाय नखरा? जपानी हवी असेल तर मझदाची एमएक्स-५ घ्या, १९८९ ची, तिच्याही डिकीत छोटीशी बॅटरी असायची.

आता ५०:५०. हे खोटं नाहीये पण फुगवलेलं नक्की आहे. हिशोब सोपा आहे, मोठ्या सेडानची बॅटरी साधारण २५ किलो, गाडी १,५०० किलो, बॅटरी पुढच्या चाकांवरून उचलून मागच्या चाकांवर ठेवली तर पुढचा वाटा दीड-पावणेदोन टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ५१.७ ची ५० होते, ५८ ची काही ५० होत नाही. पुढे जड सहा सिलिंडर इंजिन आहे आणि बाकी सगळं आधीच मागे सरकवून झालंय, अशा बीएमडब्ल्यूत हा शेवटचा दीड टक्का कामाचा, शहरात सिग्नलला थांबत जाणाऱ्याला काडीचा फरक कळणार नाही. आणि एमएक्स-५ च्या २००५ च्या पिढीत मझदाने बॅटरी परत बॉनेटखाली आणली, तरी गाडी वळणावर काही बिघडली नाही.

ज्याच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही ते म्हणजे उष्णता, आणि आपल्याकडे खरं तर तोच मुद्दा मोठा. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की सतत दहा डिग्री जास्त तापमानात राहिली तर आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बाहेरच ४५, त्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. डिकीही उन्हात तापते, पण तिथे शेजारी तापलेलं इंजिन आणि टर्बो नसतो.

गॅसचा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून नीट वाचा. चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाली तर, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेटू शकतो. पण हे कंपन्यांना माहीतच आहे. डिकीतल्या बॅटरीच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात प्लॅस्टिकचा छोटा एल्बो (वाकडा जोड) आणि त्याला पेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड नळी, ती फ्लोअरमधून गाडीच्या खाली निघते. शिवाय बऱ्याच ठिकाणी एजीएम बॅटरी (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली, सीलबंद) असते, ती गॅस बहुतेक आतच जिरवते. धोका कधी, तर कोणीतरी स्वस्तातली, व्हेंटचं भोकच नसलेली बॅटरी बसवतो आणि नळी तशीच लोंबकळत सोडतो. सेकंडहँड घेत असाल तर डिकीचं कव्हर काढून ती नळी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि हो, तिथे पाणी साचलंय का तेही बघा, मागच्या लाइटचं रबर गेलं की पावसाळ्यात पाणी थेट बॅटरीच्या खळग्यात येतं, हा या रचनेचा खरा तोटा आहे आणि तो मेसेजवाल्याला सुचलाच नाही.

"डिकी उघडत नाही म्हणून टो" हे तर हद्दच झाली. बॉनेट केबलने उघडतं, त्याला करंट लागत नाही. अशा बहुतेक नव्या गाड्यांत बॉनेटखाली झाकणाखाली + खूण असलेला पॉइंट दिलेला असतो, शेजारी अर्थचा बोल्ट, जम्पर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट घ्यायची वायर) तिथेच लावायचा. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत तो बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये आहे. मॅन्युअल उघडायचा कंटाळा, दुसरं काय.

शोरूमचं म्हणाल तर, नवीन बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं हे बऱ्याच गाड्यांत खरं आहे, कारण चार्जिंग बॅटरीच्या वयानुसार कमीजास्त होतं. पण त्याचा डिकीशी संबंध नाही, बॅटरी पुढे असलेल्या कित्येक स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाड्यांनाही हेच लागतं, आणि योग्य स्कॅनर असलेला बाहेरचा वायरमनही ते करतो.

आता तो शेवटचा सल्ला, जो खरंच धोक्याचा आहे. बॅटरी मागे नेली म्हणून गाडीचं वजन घटत नाही, उलट चार मीटर जाड केबलची भर पडते, मग मायलेज कुठून वाढणार? आणि केबल जाडच हवी. सेल मारताना २०० ॲम्पिअर धरले तर चार मीटर तांब्याच्या ५० स्क्वेअर एमएम केबलमध्ये पाव व्होल्टच्या आसपास जातो, तेच पैसे वाचवायला १६ ची टाकली तर पाऊण व्होल्टच्या वर, म्हणजे थंडीत सकाळी गाडी नुसती टक-टक करणार. त्याहून वाईट म्हणजे ही केबल सीटखालून, पत्र्याच्या कडेवरून येते, घासून बॉडीला टेकली आणि मध्ये फ्यूज नसेल तर थेट आग. बीएमडब्ल्यूने याच भीतीने बॅटरीच्या टर्मिनलवरच छोटा बारूद बसवलाय, अपघातात एअरबॅगबरोबर तो उडतो आणि स्टार्टरकडे जाणारी केबल तोडतो. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला दोन हजारात हे बसवून देणार आहे का?

मारुती-ह्युंदाईवाले छोट्या गाड्यांत बॅटरी पुढेच ठेवतात कारण तिथे जागा आहे, केबल आखूड पडते आणि चार पैसे वाचतात. त्यांना हे जमत नाही म्हणून नव्हे.