डीसी चार ठेवले म्हणजे बॅकअप झाला, हे डोक्यातून काढा

'ॲक्टिव्ह डिरेक्टरी डिझाइनचे सहा सोनेरी नियम' नावाचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी) म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांची खाती, पासवर्ड आणि कॉम्प्युटरच्या नोंदी ठेवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा; त्यातला खात्यांचा एक गट म्हणजे डोमेन, आणि तो सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर, म्हणजेच डीसी. मी सोडून दिला होता, पण काल माझ्या भाच्याने तोच मला पाठवला. त्याला नोकरीत पहिल्यांदाच नवीन डिरेक्टरीचं प्लॅनिंग दिलंय, आणि खाली लिहिलं होतं, "मामा, यावरूनच डिझाइन डॉक्युमेंट बनवतोय, ठीक आहे ना?" ठीक नाहीये रे. त्यातला एक नियम तर कंपनी बुडवेल असा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

"दोनपेक्षा जास्त डोमेन कंट्रोलर ठेवा, ते आपापसात सिंक होतात, वेगळा बॅकअप लागत नाही." हे ज्याने लिहिलं त्याने रेप्लिकेशन (एका डीसीवरचा बदल बाकीच्यांवर उतरवणं) म्हणजे काय हेच समजून घेतलेलं नाही. समजा कोणी चुकून अख्खा ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट, डिरेक्टरीतला खाती ठेवायचा फोल्डरच म्हणा) डिलीट केला, तर ते डिलीट करणं हाही एक बदलच आहे, आणि बदल पोचवणं हेच तर रेप्लिकेशनचं काम! एका साइटमध्ये (म्हणजे एकाच वेगवान नेटवर्कवर) साधारण १५ सेकंदांत शेजारच्या डीसीला निरोप जातो, साइट वेगळी असेल तर डीफॉल्ट १८० मिनिटं, म्हणजे चार काय चाळीस डीसी असले तरी थोड्या वेळात सगळीकडे तीच चूक, अगदी इमानदारीत. रिसायकल बिन आहे की, असं कोणीतरी म्हणेलच. आहे, सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, पण ते आपण चालू करावं लागतं, आणि ते फक्त डिलीट झालेलं परत आणतं. एखाद्या स्क्रिप्टने हजार लोकांचे ग्रुप आणि मॅनेजर चुकीचे भरले तर रिसायकल बिनला त्याचं काही घेणंदेणं नाही. स्कीमा (डिरेक्टरीत कोणती माहिती ठेवता येते त्याचा आराखडा) बिघडवला तर त्याहून वाईट, कारण स्कीमात एकदा घातलेलं ॲट्रिब्यूट, म्हणजे माहितीचा रकाना, काढता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतं.

आणि हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर मर्स्कचं उदाहरण बघा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा मालवेअर आला तेव्हा या जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपिंग कंपन्यांपैकी एक असलेल्या कंपनीकडे साधारण १५० डोमेन कंट्रोलर होते. 'वायर्ड' मासिकाने २०१८ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. बाकीच्या सर्व्हरचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले, पण डोमेन कंट्रोलरचा एकही बॅकअप सापडेना, कारण भरवसा नेमका याच नियमावर होता, एक गेला तर दुसरा आहेच. सगळे एकदमच जातील हा विचारच झाला नव्हता. वाचला तो घानातला एक डीसी, आणि तोही कोणाच्या हुशारीमुळे नाही, हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली म्हणून तो नेटवर्कवरून तुटला होता. त्याचा डेटा इंग्लंडला पाठवायला तिथलं इंटरनेट पुरेना, तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, मग एक माणूस विमानाने नायजेरियाला गेला, एअरपोर्टवर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली आणि तो ती घेऊन लंडनला उडाला. अख्ख्या कंपनीची ओळख त्या एका डिस्कमध्ये होती. तुझ्या प्लॅनमध्ये लाइट जाण्यावर भरवसा ठेवायचा का?

तर डॉक्युमेंटमध्ये हे घाल: प्रत्येक डोमेनच्या निदान दोन डीसींचा सिस्टम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट विंडोजच्या मूळ घटकांचा), त्याची एक कॉपी नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली, डीएसआरएमचा (डीसी दुरुस्तीसाठी ज्या मोडमध्ये सुरू करतात त्याचा) पासवर्ड तिजोरीत कागदावर (डिरेक्टरीच पडली तर पासवर्ड मॅनेजरमध्ये लॉगिन कशाने करणार), आणि वेगळ्या बंद नेटवर्कमध्ये एकदा खरंच रिस्टोअर करून बघणं. बॅकअप टूम्बस्टोन लाइफटाइमपेक्षा (डिलीट झालेल्याची खूण डिरेक्टरीत जितके दिवस राहते तो काळ) जुना असेल तर उपयोग नाही, नव्या फॉरेस्टमध्ये (फॉरेस्ट म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या डोमेनचा अख्खा समूह) ते १८० दिवस असतं, फार जुन्या फॉरेस्टमध्ये ६० सुद्धा सापडतं, ते तपासून घे.

"प्रत्येक डिपार्टमेंटला वेगळं डोमेन, म्हणजे सिक्युरिटी वेगळी." चूक. सिक्युरिटीची हद्द फॉरेस्ट आहे, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डिझाइन गाइड हेच सांगतं. कॉन्फिगरेशन पार्टिशन, म्हणजे डिरेक्टरीतला सेटिंगचा भाग, सगळ्या फॉरेस्टचं एकच असतं आणि त्याची लिहिता येणारी कॉपी रीड-ओन्ली सोडून प्रत्येक डीसीवर असते, त्यामुळे एका डोमेनचा डीसी ज्याच्या ताब्यात तो बाकीच्या डोमेनपर्यंत पोचतोच. हो, एवढं मान्य करतो की हा सल्ला हवेतून आलेला नाही, विंडोज एनटीच्या काळात एका डोमेनमध्ये साधारण ४०,००० च्या पुढे खाती नेता येत नव्हती, आणि सर्व्हर २००८ येईपर्यंत वेगळी पासवर्ड पॉलिसी हवी तर वेगळं डोमेनच काढावं लागायचं. ती दोन्ही कारणं कधीच संपली. एका डोमेनने भागत असेल तर एकच ठेव.

"ओयू ऑर्ग चार्टप्रमाणे बनवा." कशाला? युजरला ओयू दिसत नाही, ओयूला परमिशनही देता येत नाही, तो असतो डेलिगेशन (ठरावीक अधिकार दुसऱ्याला देणं) आणि ग्रुप पॉलिसीसाठी (तीच सेटिंग सगळ्यांना एकदम लावणं). दरवर्षी चार्ट बदलणार आणि तू ऑब्जेक्ट हलवत बसणार. प्रत्येक डिपार्टमेंटचा आपला वेगळा ॲडमिन असेल तिथे जमतं, नाहीतर नको.

पुढचा नियम डोमेनला डॉट लोकल नाव द्यायचा. ते तर नकोच. ते २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाप्रमाणे मल्टिकास्ट डीएनएससाठी (लोकल नेटवर्कवर नावं शोधायची पद्धत) राखलेलं आहे, आणि अशा नावाला पब्लिक सर्टिफिकेट मिळत नाही. आपल्या रजिस्टर केलेल्या डोमेनचं सबडोमेन घे, आत्ताच घे, कारण नंतर एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) बसलं की डोमेनचं नाव बदलणं सपोर्टेडच नाही.

"क्लाउड आलंय, डिझाइनवर वेळ घालवू नका." कंपनी नवीन असेल, जुनी ॲप्लिकेशन्स नसतील, तर ऑन-प्रिमाइस (स्वतःच्या सर्व्हरवरची) एडी न लावता भागतं, हे खरंय. पण तुमच्याकडे एडी आहे आणि ती एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली डिरेक्टरी) सिंक करणार आहात, म्हणजे इथला कचरा तिथेही जाणार, डुप्लिकेट खाती, सोडून गेलेल्या लोकांची खाती, सगळं.

राहिलं हेल्पडेस्कला डोमेन ॲडमिन, म्हणजे अख्ख्या डोमेनचे सगळे अधिकार, द्यायचं, "काम अडत नाही" म्हणून. हे वाचून खरंच राग आला. डोमेन ॲडमिन कोणाच्याही पीसीवर लॉगिन झाला की त्याचे क्रेडेन्शियल्स (लॉगिनची माहिती) त्या मशीनच्या मेमरीत राहतात, आणि नॉटपेट्या पसरला त्यात एक रस्ता नेमका हाच होता, मेमरीतून क्रेडेन्शियल्स उचल आणि पुढच्या मशीनवर जा. हेल्पडेस्कला पासवर्ड रिसेट आणि अनलॉक एवढंच लागतं ना? मग युजर्सच्या ओयूवर राइट क्लिक, डेलिगेट कंट्रोल, हेल्पडेस्कचा ग्रुप निवड, पासवर्ड रिसेटवर टिक कर, अनलॉकसाठी लॉकआउट टाइम या ॲट्रिब्यूटवर लिहायची परमिशन दे. पंधरा मिनिटं लागत नाहीत.