रिपोर्टात न उतरणारा आजार

गेल्या आठवड्यात माझ्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरला. थोडक्यात असा: "हल्ली परदेशात पेशंटच्या कहाण्या गोळा करण्यालाही संशोधन म्हणतात. शास्त्र आकड्यांवर चालतं, किश्श्यांवर नाही. रिपोर्ट खोटं बोलत नाही, पेशंट वाढवून सांगतो. बोलायला पुढे येतात तेही तक्रारखोरच. त्यापेक्षा हा पैसा औषधांवर खर्च करा." खाली टाळ्यांची रांग. टाळ्या देणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

किश्श्यांबद्दल जे खरं आहे ते आधी मान्य करते. "आमच्या काकांची शुगर अमक्या काढ्याने गेली" हा किस्साच, त्यावरून औषध ठरवायचं नसतं. औषध लागू पडतं का, हे चाचणीनेच कळतं. पण तो आजार घेऊन दिवस कसा काढावा लागतो, उपचार नेमका कुठे आणि का सुटतो, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर माणसांना विचारूनच मिळतं, आणि विचारण्याचंही शास्त्र आहे.

ऑक्सफर्डमध्ये हे काम दोन डॉक्टरांनीच सुरू केलं. अ‍ॅन मॅकफर्सन फॅमिली डॉक्टर, त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. अँड्र्यू हर्क्सहायमर औषधशास्त्राचे जाणकार, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उभं आयुष्य वैद्यकात गेलेल्या या दोघांना स्वतः पेशंट झाल्यावर 'यातून गेलेल्या बाकीच्यांचं कसं झालं' हे कुठेच सापडेना. त्यातून 2001 मध्ये पेशंटच्या अनुभवांची त्यांची वेबसाइट उभी राहिली, आज ती हेल्थटॉक या नावाने चालते. एका आजारासाठी साधारण 35 ते 50 माणसं गाठतात. संशोधक बहुतेक वेळा घरी जातो, काहीतरी बिघडलंय असं पहिल्यांदा वाटलं तिथपासून सांगा म्हणतो आणि ऐकत बसतो. बोलणं शब्द न् शब्द उतरवून त्या माणसाला परत दाखवतात, नको असेल तो भाग त्याने काढून टाकायचा. मग सगळ्या मुलाखती एकमेकींशी ताडून बघतात.

तक्रारखोरांचा मुद्दा इथेच निकालात निघतो. ही माणसं मुद्दाम वेगवेगळी शोधलेली असतात: तरुण, म्हातारी, नुकतं निदान झालेली, वीस वर्षं आजार काढलेली, उपचारावर खूश असलेली आणि नसलेलीही. नवीन काही कानावर येईनासं झालं की मगच थांबतात.

आता "रिपोर्ट खोटं बोलत नाही". माझ्या आईला आमवात आहे. गेल्या वर्षी तिचे ईएसआर, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे रक्ताचे रिपोर्ट, उत्तम आले. डॉक्टर म्हणाले, "छान आहे काकू, हेच चालू ठेवा." ती "बरं" म्हणाली आणि आम्ही उठलो. त्याच संध्याकाळी ओट्यावर परातीत भाकरीचं पीठ अर्धवट मळून ताटाखाली झाकलेलं होतं आणि आई शेजारी स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. "दुखत नाही गं, अंगात त्राणच नाही," म्हणाली. डॉक्टरांना का नाही सांगितलंस? "बाहेर एवढी माणसं ताटकळलेली, त्यांचा वेळ कशाला खायचा." पेशंट वाढवून सांगतो म्हणणाऱ्यांनी आपल्या घरातली बाई आठवून बघावी. ती गिळून टाकते.

ही फक्त माझ्या आईची गोष्ट नाही. आमवाताच्या औषधांच्या चाचण्यांत काय मोजायचं, हे ठरवणाऱ्या ओमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2002 मध्ये पेशंटना पहिल्यांदा चर्चेला बसवलं. त्यांनी पुढे आणलेली मोठी गोष्ट होती हा थकवा. तज्ज्ञ सांधे आणि सूज मोजत होते, थकवा त्यांच्या ठरलेल्या यादीत नव्हता. पुढच्या काही वर्षांत त्यावर संशोधन झालं आणि आमवाताच्या चाचण्यांत थकवाही मोजावा, असं ठरलं. न विचारलेली गोष्ट रिपोर्टात येणार कुठून?

ज्यांना आकडेच हवेत त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात केमो घेणाऱ्या 766 रुग्णांवर चाचणी झाली. कॅन्सर शरीरात पसरलेली ही माणसं. एका गटाने मळमळ, धाप, वेदना अशी 12 लक्षणं स्वतः कॉम्प्युटरवर नोंदवायची, काही बिघडलं की नर्सला ईमेल जायचा. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी तपासणी. 2017 मध्ये निकाल आला: नोंदवणाऱ्यांतली निम्मी माणसं 31.2 महिन्यांहून जास्त जगली, दुसऱ्या गटातली निम्मी 26 महिन्यांहून. पाच महिन्यांचा फरक. नवं औषध एकही नव्हतं. पेशंटचं म्हणणं वेळेवर ऐकलं गेलं, एवढंच.

राहिला पैसा, आणि हे सगळं परदेशातलं असल्याचा सूर. आपल्याकडे टीबीची औषधं सरकारकडून फुकट मिळतात, तरी कोर्स मध्येच सुटतात. गोळीने उलटी होते, केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच, चाळीत कळलं तर मुलीचं लग्न अडेल. यातलं एकही कारण थुंकीच्या तपासणीत दिसत नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती टीबीच्या कानामायसिन इंजेक्शनांनी गेली. पाठ्यपुस्तकात तो दुष्परिणामांच्या यादीतला एक शब्द. असंच ऐकू येणं गमावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले आणि त्या, दोघींनी मिळून बेडाक्विलिन या टीबीवरच्या, तोंडावाटे घ्यायच्या औषधाचं पेटंट लांबवायला भारतात हरकत घेतली. ते संशोधन नव्हतं, कायद्याची लढाई होती. पण लढायचं कशासाठी, हे त्यांना स्वतःच्या आजाराने शिकवलं होतं. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. 2027 पर्यंत लांबू शकणारी मक्तेदारी टळली, आणि त्याच जुलैत मूळ पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली.