फॉरेनला कोणाला धाडायचं?

वाळूजच्या एखाद्या कंपनीत तुम्ही एचआरला असाल आणि जर्मनीच्या प्लांटवर दोन वर्षं कोणाला धाडायचं असा प्रश्न पडला असेल तर एवढं डोकं कशाला लावायलाय हो, मशीन सगळ्यात जास्त कोणाला कळतं ते बघा, पासपोर्ट आहे का विचारा आणि टाका नाव. अनोळखी लोकांत मिसळतो का, फजिती झाली तर हसून सोडतो का, असलं काही विचारायचं नाही. लातूरहून बदली होऊन आला आन् दुसऱ्याच दिवशी टपरीवर चार दोस्त जमवून बसला असा एक पोरगा तुमच्याच शॉपफ्लोअरवर असेल, पण त्याचं रेटिंग ‘B’ ग्रेडचं आहे, जाऊ द्या.

आणि बायकोला तर अजिबातच विचारू नका. रोझली टंग नावाच्या संशोधक बाईंनी १९८२ सालीच लिहून ठेवलंय की अमेरिकन कंपन्यांची माणसं मुदतीआधी परत येतात त्याचं पहिलं कारण म्हणजे जोडीदाराचं तिकडं न जमणं, पण ते अमेरिकेचं झालं, आपल्या बायका ॲडजस्ट करतात ना!

आमच्याकडं एक टूलरूमवाला होता, नुसत्या आवाजावरून स्पिंडलचं बेअरिंग गेलंय सांगायचा. नोव्हेंबरात श्टुटगार्टला पाठवला, बायको-पोरांसकट. डिसेंबरात तिकडं साडेचारलाच अंधार पडायलाय, रविवारी बाजार बंद. एके दिवशी दाराला कोणीतरी पाटी अडकवून गेलं. या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची, एवढाच तिचा अर्थ, त्या भागात तशी रीतच आहे, पण बाईला वाटलं आपल्याला नोटीसच लावली, नवरा येईपर्यंत दार उघडलं नाही तिनं. इथं सिडकोत तिच्याकडं वीस पोरं शिकवणीला यायची, तिथं बोलायला फक्त भिंत. येसर मसाल्याचा डबा संपला तसा तिचा धीरही संपला. चौथ्या महिन्यात चौघंही परत.

जायच्या आधी दोघांना आठवडाभर तिकडं नेऊन घर-शाळा दाखवायची पद्धत असते म्हणे. ती कॅन्सलच करा, तेवढ्यात साहेबाचं बिझनेस क्लासचं तिकीट बसतं. भाषेचा क्लास दोन शनिवार ठेवा, फोटो काढायपुरता.

परत आल्यावर टूलरूमवाल्याच्या खुर्चीवर त्याचा ज्युनिअर बसला होता. सध्या तो स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायलाय, आणि पुढच्या माणसाचं नाव मंगळवारपर्यंत पाठवायचंय.