राडा म्हंजे चिखल हो, मारामारी न्हवं!

काल सकाळी टीम लीडरला मेसेज टाकला, 'घरापुढं लय राडा झालाय, लॉगिनला अर्धा तास उशीर होईल.' साधं वाक्य. सांगलीतलं शेंबडं पोरगं पण समजंल. तर पुण्यातनं डायरेक्ट फोन, "अरे कुणाला लागलं का? पोलिसांना बोलावलं का?" आता पोलिस येऊन काय करणार, पाइपलाइनसाठी गल्ली उकरून ठेवलीय महिना झाला, त्यात रात्रभर पाऊस, त्यांचीच गाडी रुतायची! आणि दुपारच्या कॉलला सगळी दात काढतायत, काय म्हणे, सांगलीकर लय राडेबाज.

डोकंच उठलं.

आमच्यात भातात पाणी जास्त झालं की भाताचा राडा होतो, पोरगं रंग घेऊन बसलं की फरशीवर राडा होतो, आई ओट्याकडं बघून एवढंच विचारती, "ह्यो राडा कुणी केला?" ह्यात कोण कुणाची कॉलर धरत नाही. (आईनं धरली तर धरली.) मुंबईत राडा म्हंजे हाणामारी, मान्य, आमची कॉलेजची पोरं पण आता तसंच बोलतात, बोला की. पण मग आमचा अर्थ गावठी कसा काय? तुमच्याच पेपरात येतंय की 'नदीपात्रात राडारोडा टाकला', तो काय मारामारी करून टाकतात? विटांचे तुकडे न् मातीच असती ना ती?

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर मामाच्या घरात गेलो तर फ्रिज आडवा, गव्हाचं पोतं फुगून फुटलेलं, कपाट उघडलं तर साड्यांच्या घडीत पण तेच. फावड्यानं ओढायचं, पाणी मारायचं, परत ओढायचं, चार दिवस हेच. मामी उंबऱ्यात उभी राहून म्हणली, "सगळा राडा झाला रं." त्याला नुसता चिखल म्हणून भागत नाही, चिखल शेतात पण असतोय, त्यात भात लावतात. ह्यात गटारीचं पाणी, शेण, कुजकं धान्य, लोकांचा संसार, सगळं कालवलेलं असतंय. त्याला दुसरा शब्द आणा, मी वापरतो.

आत्ता हे टाइप करतोय तर गाडीचं पुढचं चाक जाम झालंय, काळी माती मडगार्डात जाऊन दगडागत बसलीय, स्क्रूड्रायव्हरनं उकरतोय, निम्मी मोबाईलला लागली. आणि तेवढ्यात परत साहेबांचा मेसेज, 'मिटला का राडा?'

म्हणलं, मिटत नसतोय सर, वाळतोय.